दुरुस्ती

पाच वाजता दोभानावर जमायचं, असं मी लिहिलेलं असतं,
तरी सव्वापाच होतातच.
आज नऊ जण. दोघींनी नाकाला रुमाल लावलाय.
मी त्यांना बोल लावत नाही, बागमतीला वास येतो.
विष्णुमती तिला येऊन मिळते ती इथेच,
काळी, अंग चोरून,
मागच्या दाराने घरात शिरावं तशी.
"ही पवित्र ना?" उंच डॅनिश पाहुणा विचारतो.
हो, मी म्हणते. आणि बूट सांभाळा, म्हणते.

पावसाळ्यात कोणी चालायला येत नाही.
चार महिन्यांनी हा पहिला गट.
तोंडपाठ वाक्यांवर थोडा गंज चढलाय.
हे शिवाचं, हे भैरवाचं,
हे कुणा राणीने नवऱ्यामागे बांधलेलं,
आणि हे भूकंपात बसलेलं,
बांबूंच्या पहाडात अजून उभं राहायला शिकतंय.
पायरीवर चंद्रशोभा द्रोण विकते:
झेंडूच्या चार पाकळ्या, एक वात, थोडा डालडा.
कोणी विचारलंच तर तूप.

दिवेलागणीला पाटीवर भजन बसतं.
उघडी पडवी, लाकडी खांब, सहा म्हातारे, एक मृदंग.
सातवा बेखामान महर्जन. त्याच्या हातात झांजा.
गेली आठ वर्षं मी इथे थांबून म्हणायचे,
"ही घंटा तीनशे वर्षांची,"
की दोन ठोक्यांमधल्या फटीतून आवाज यायचा,
"दोनशे एक्केचाळीस!"
सगळा गट हसायचा, भाषा न कळताही.
मी म्हणायचे विष्णू,
तो म्हणायचा, नीट बघ, गदा कुठाय?
मी म्हणायचे सोन्याचा मुलामा,
तो म्हणायचा पितळ, माझ्या देखत बसवलं.
मला राग यायचा. धंदा माझा होता.
एकदा भांडलेच मी त्याच्याशी, चहाच्या गाड्यावर.
त्याने बशी फुंकली, म्हणाला,
"न्हुछेमाया, खोटं सांग गं,
पण जवळपासचं सांग."

श्रावणात मला फोन आला होता.
नदी रस्त्यावर आली होती, गेले नाही.
रस्ता बंद होता, हे खरं.
दुसऱ्या दिवशी उघडला, हेही खरं.

आज झांजा खांबाच्या खिळ्याला,
लाल फडक्यात गुंडाळलेल्या.
खालच्या पायरीवर त्याचा मुलगा,
पांढरी टोपी, पांढरे कापडी बूट.
वर्षभर चामडं नाही, रंग नाही.
वारा असल्यामुळे त्याची काडी तिसऱ्यांदा विझते.
"हे पुजारी का?" रुमालवाली विचारते.
नाही, मी म्हणते. मुलगा.
कुणाचा, ते ती विचारत नाही.

"ही घंटा," मी म्हणते, "तीनशे वर्षांची."
आणि थांबते.
मृदंग चालूच राहतो,
झांजांची जागा मात्र तो रिकामी सोडतो,
जेवणात एक पान वाढून ठेवावं तशी.
डॅनिश पाहुणा वहीत तीनशे लिहितो.
"खोडा ते."
माझा आवाज जरा मोठाच येतो.
"दोनशे एक्केचाळीस. कडेला कोरलंय,
हात पोचत नाही तिथे."

"चव्वेचाळीस,"
मृदंगवाला म्हणतो, ताल न सोडता, न बघता.
"बेखामान तीन वर्षं नेहमी खायचा."

पाच म्हातारे हसतात. एकाला ठसका लागतो.
मुलगाही हसतो बहुतेक,
खाली अंधार आहे, नक्की सांगता येत नाही.
पाहुणा दुसऱ्यांदा खोडतो.
"मग नक्की किती?"

मी बॅटरी वर धरते.
शेंदूर, कोळिष्टकं, कबुतरांची घाण,
मधून कोरलेले अंक.
नऊ जण माना वर करून वाचायला लागतात
त्यांना न येणारी लिपी.
मीही वाचते, आठ वर्षांत पहिल्यांदा.
शेवटचा अंक हातांनी की पावसाने झिजलाय.
एक असेल. चारही असेल.

बॅटरी मंदावते. मी तळहातावर आपटते.
पुढे चला, म्हणते,
इथून पायऱ्या ओल्या आहेत.